अदृश्याची सावली

जयपूर शहराच्या मध्यभागी, राजवाड्याला लागूनच, सवाई जयसिंह महाराजांनी उभारलेली वेधशाळा आहे. लोक तिला जंतरमंतर म्हणतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या वेधशाळेतील सर्वांत भव्य यंत्र म्हणजे सम्राट यंत्र. सुमारे २७ मीटर उंचीपर्यंत तिरकी चढत गेलेली एक भिंत, तिची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, आणि दोन्ही बाजूंना अंश कोरलेले दोन विशाल वर्तुळपाद, असे त्याचे रूप आहे. जयसिंहांच्या पदरी जे ज्योतिषी होते त्यांतील अग्रणी जगन्नाथ पंडित हे परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात. त्यांनी टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. धातूची लहान यंत्रे झिजतात, हलतात, आणि वेधांत चूक होते, असे जयसिंहांचे मत होते. म्हणून त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली.

या प्रचंडपणात एक मर्म आहे. सूर्य आकाशात सरकताना कोणालाही दिसत नाही. परंतु सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली वर्तुळपादावर दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर पुढे जाते, आणि ते सरकणे मात्र नुसत्या डोळ्यांना दिसते. जी गोष्ट इंद्रियांच्या आटोक्यात येत नाही, तिचा परिणाम इंद्रियांना कळेल अशा दुसऱ्या एखाद्या वस्तूवर घडवून आणावयाचा, ही मापनशास्त्राची मूळ युक्ती होय. तापमापीतील पारा हेच करतो आणि भूकंपमापीची सुईही हेच करते. आजचे रसायनशास्त्र हीच युक्ती आता रक्ताच्या थेंबात दडलेल्या विषाणूसाठी योजू पाहत आहे. तिची निकड किती आहे, हे याच जयपूर शहराने काही वर्षांपूर्वी अनुभवले.

२०१८ सालच्या सप्टेंबर महिन्यात जयपूरमध्ये झिका या विषाणूचा एक रुग्ण आढळला. कोणताही परदेश प्रवास न केलेल्या एका वृद्ध स्त्रीला हा आजार झाला होता. म्हणजे विषाणू शहरातच वावरत होता. सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिच्या नमुन्यात झिका आढळला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर शास्त्रीनगर व आसपासच्या वस्त्यांत घरोघर तपासणी सुरू झाली. पथके पाण्याची पिंपे आणि कूलर पाहू लागली, कारण या विषाणूचा वाहक एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. वर्षअखेरपर्यंत राजस्थानातील निश्चित रुग्णांची संख्या १५९ झाली.

आकडा फार मोठा नाही, असे कोणी म्हणेल. झिकाचा ताप सौम्य असतो आणि लागण झालेल्या पाचांपैकी सुमारे चौघांना तर काहीच लक्षणे जाणवत नाहीत. परंतु लागण झालेली व्यक्ती गर्भवती असेल, तर सारेच बदलते. २०१५ साली ब्राझीलमध्ये अत्यंत लहान डोक्याची व अविकसित मेंदूची मुले मोठ्या संख्येने जन्मास आली आणि त्यामागे हाच विषाणू असल्याचे सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणीबाणी जाहीर केली होती. तेव्हा जयपूरच्या ज्या गल्लीत रुग्ण सापडला, त्या गल्लीतील प्रत्येक गर्भवती स्त्रीच्या मनात एकच प्रश्न होता: मला ही लागण झाली आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर तिला किती लवकर आणि किती खात्रीने मिळते, यावर तिच्या पुढील साऱ्या महिन्यांची मनःस्थिती अवलंबून होती.

उत्तर देणे सोपे नव्हते. रोगाची लागण झाली की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करते, आणि पुष्कळशा तपासण्या या प्रतिपिंडांचा शोध घेतात. परंतु झिका आणि डेंगी हे एकाच कुळातील विषाणू आहेत. त्यांच्या बाह्य आवरणातील प्रथिनांत निम्म्याहून अधिक साम्य आहे. ज्याला कधी काळी डेंगी होऊन गेला, त्याच्या रक्तातील प्रतिपिंड झिकाच्या तपासणीतही होकार देऊ शकतात. ज्या देशात डेंगी दर पावसाळ्यात येतो, तेथे अशा होकाराचे मोल किती धरावे? भारतात झिकाच्या अस्तित्वाची पहिली चाहूल लागली तीही अशा प्रतिपिंडांवरूनच. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले आणि तेथील संशोधकांना त्याच दशकात भारतीयांच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंड आढळले. पण ते खरोखर झिकाचे की त्याच्या भाईबंदांचे, ही शंका कायम राहिली.

शंकेला जागा न ठेवणारी खूण एकच आहे, ती म्हणजे विषाणूचे स्वतःचे न्यूक्लिइक आम्ल. झिकाच्या गोल कवचात आरएनएचा एक धागा असतो आणि त्यावर सुमारे १०,८०० अक्षरे ओळीने लिहिलेली असतात. अक्षरे चारच, पण त्यांचा क्रम झिकाचा वेगळा आणि डेंगीचा वेगळा. या अक्षरांचा एक नियम आहे. डीएनएमध्ये ए हे अक्षर टी शी जुळते आणि जी हे सी शी. आरएनएमध्ये टी च्या जागी यू येते. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनएच्या दुपेडी गोफाची रचना उलगडली, तिचा गाभा हाच नियम होता. म्हणून ज्या क्रमाचा शोध घ्यावयाचा, त्याला पूरक असा वीस अक्षरांचा छोटा धागा प्रयोगशाळेत तयार केला, तर तो नेमक्या त्याच क्रमाला जाऊन बिलगतो. चार अक्षरांपासून वीस अक्षरी क्रम एक लक्ष कोटींहून अधिक प्रकारे रचता येतात. एवढ्या शक्यतांतून आपला जोडीदार ओळखणारा हा धागा म्हणजे निसर्गाने दिलेला एक अत्यंत चोखंदळ हेर होय.

मात्र हा हेर मुका आहे. त्याने शत्रूला मिठी मारली तरी बाहेर त्याचा मागमूस लागत नाही. दोन धागे एकमेकांना बिलगल्याने पाण्याचा रंग बदलत नाही किंवा आवाज होत नाही. त्याच्या ओळखीला वाणी देण्यासाठी दुसरा कोणी तरी हवा. तो सोबती आजच्या विज्ञानाला नॅनोपदार्थांत सापडला.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. मनुष्याच्या केसाच्या जाडीत तेरा नॅनोमीटर व्यासाचे सहा हजार कण ओळीने मावतील. पदार्थ इतका बारीक झाला की त्याचे ओळखीचे गुण पालटतात. जयपूरच्या जोहरी बाजारातील सोने पिवळे असते. पण त्याच सोन्याचे तेरा नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली असे लाल द्रव तयार करून दाखविले की, हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे. या कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एका तालात झुलतात आणि हिरवा प्रकाश शोषून घेतात. उरलेला प्रकाश लाल भासतो. असा एक कण रंगद्रव्याच्या एका रेणूपेक्षा हजारपटीहून अधिक प्रकाश शोषतो. कण एकमेकांच्या अगदी निकट आले की त्यांच्या इलेक्ट्रॉनांचे झुलणे एकमेकांत गुंतते आणि द्रवाचा लाल रंग निळसर जांभळा होतो. सुवर्णकणांमधील अंतर बदलले की रंग बदलतो, हीच हव्या असलेल्या वाणीची किल्ली होती.

१९९६ साली अमेरिकेतील चॅड मर्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंची सांगड घातली. त्यांनी डीएनएच्या धाग्यांच्या टोकांना गंधकयुक्त गट जोडले. गंधक सोन्याला घट्ट धरते, त्यामुळे धागे सुवर्णकणांवर रोवले गेले. कणांचे दोन गट केले: एका गटावरील धागे शोध घ्यावयाच्या क्रमाच्या अर्ध्या भागाला पूरक, आणि दुसऱ्या गटावरील उरलेल्या अर्ध्याला. शोधला जाणारा क्रम द्रवात नसेल तर कण विखुरलेले राहतात आणि द्रव लाल राहतो. तो असेल, तर त्याचे एक टोक एका कणाला व दुसरे टोक दुसऱ्या कणाला बांधले जाते. अशा हजारो गाठी पडून कणांचे पुंजके होतात आणि लाल द्रव निळा पडतो. त्याच वर्षी पॉल अलिव्हिसॅटोस यांच्या गटानेही डीएनएच्या साहाय्याने सुवर्णकण ठरावीक अंतरावर मांडून दाखविले.

या योजनेत एक अनपेक्षित लाभही निघाला. गोफाचे दोन पेड उष्णता दिली की सुटतात. एरवी हे सुटणे हळूहळू होते. पण सुवर्णकणांच्या पुंजक्यांत असंख्य गाठी एकत्र असल्याने त्या सुटतात तेव्हा एक-दोन अंशांच्या अवधीतच एकदम सुटतात. त्यामुळे क्रमात एकच अक्षर चुकलेले असेल, तरी ते तापमानातील फरकावरून ओळखता येते. विषाणूच्या एखाद्या अक्षरातील बदल त्याचा स्वभाव बदलू शकतो. जयपूरच्या साथीतही पुण्याच्या संस्थेने विषाणूची संपूर्ण अक्षरमाला वाचून तो आशियातीलच वंशाचा असल्याचे दाखविले, तेव्हा अशा अक्षराअक्षराच्या वाचनाचे महत्त्व सर्वांना कळले.

पुढे या जोडीची अनेक रूपे निघाली. २००४ साली असे आढळले की, एकपेडी डीएनए धागा सुवर्णकणांवर आपोआप चिकटतो आणि त्यांना एक कवच लाभते. मग पाण्यात मीठ घातले तरी कण एकत्र येत नाहीत. धाग्याला त्याचा जोडीदार भेटला की दुपेडी गोफ ताठ होतो, कणांना सोडून देतो, आणि मीठ घालताच द्रव निळा पडतो. ग्रॅफिन ऑक्साइड या कार्बनच्या पातळ पापुद्र्यावर चमकणाऱ्या रंगद्रव्याने खुणावलेला धागा बसला की त्याची चमक विझते. जोडीदार भेटून तो सुटला की चमक परत येते. काही संवेदकांत रंगाऐवजी विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजला जातो.

न्यूक्लिइक आम्लाचा उपयोग केवळ आपल्या जोडीदाराला ओळखण्यापुरताही नाही. १९९० साली संशोधकांनी असे धागे निवडून काढले, की जे गुंडाळीसारखे वळून एखादे प्रथिन किंवा लहान रेणू हातमोज्यात हात बसावा तसा धरतात. यांना ॲप्टामर म्हणतात. डीएनएचे काही धागे ठरावीक धातूच्या उपस्थितीतच दुसरा धागा कापतात. २००३ साली अशा धाग्यांना सुवर्णकणांची जोड देऊन शिशाचा अंश रंगावरून ओळखणारा संवेदक तयार झाला. म्हणजे ही विद्या रोगापुरती नाही. विहिरीच्या पाण्यालाही ती लावता येते.

इतके सारे साधले असताना २०१८ साली जयपूरच्या आरोग्यसेविकेच्या पिशवीत अशी कुपी का नव्हती, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. सुवर्णकणांचा रंग डोळ्यांना बदललेला दिसण्यासाठी शोधले जाणारे रेणू सामान्यतः नॅनोमोलर या मापाच्या आसपास लागतात, म्हणजे एका मिलिलिटर द्रवात सुमारे साठ हजार कोटी. झिकाच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात मात्र विषाणूच्या आरएनएच्या प्रती बहुधा काही हजार ते काही लाख एवढ्याच असतात, आणि त्याही आजाराच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. मूत्रात त्या काहीशा अधिक काळ सापडतात. मधली दरी लक्षावधी पटींची आहे. कण कितीही बोलके असले तरी इतक्या थोड्या रेणूंचा आवाज डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

ही दरी भरून काढण्याचा प्रस्थापित मार्ग म्हणजे पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया. कोविडच्या काळात आरटीपीसीआर या नावाने ती घरोघर माहीत झाली. तीत शोधावयाच्या क्रमाच्या प्रती दुपटीदुपटीने वाढवितात. तीस फेऱ्यांत एकीच्या शंभर कोटींहून अधिक होतात. पण त्यासाठी तापमान खालीवर करणारे यंत्र, वीज, शीतपेटीतून आलेले नमुने आणि कुशल माणसे लागतात. गोव्यातील मोलबायो या कंपनीच्या ट्रूनॅट यंत्राने ही प्रक्रिया विजेरीवर चालणाऱ्या लहान यंत्रात आणली आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या निदानासाठी तिची शिफारस केली. प्रयोगशाळा गावाकडे सरकविण्याच्या दिशेने ते मोठे पाऊल होते.

दुसरा मार्ग असा, की प्रती वाढविण्याचे काम सौम्य, एकाच तापमानावरील अभिक्रियेने करावयाचे आणि शेवटचा निकाल सुवर्णकणांवर सोपवावयाचा. २०१८ सालच्या एप्रिलमध्ये, म्हणजे जयपूरच्या साथीच्या पाचच महिने आधी, अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी झिका व डेंगी यांचे विषाणू रक्तद्रव, लाळ, मूत्र यांसारख्या द्रवांतून मोठ्या यंत्रावाचून ओळखण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तीत आरएनएचा मार्गदर्शक धागा कॅस या प्रथिनाला लक्ष्यापर्यंत नेतो. लक्ष्य सापडताच ते प्रथिन इतर धागेही कापत सुटते, आणि ते कापणे कागदी पट्टीवर सुवर्णकणांच्या रेघेने प्रकट होते. भारतातही दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेत कोविडसाठी अशा प्रकारची पट्टी तयार झाली. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराच्या नावावरून तिला फेलुदा म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये तिला औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. मात्र प्रती वाढविण्याची पायरी तिलाही टाळता आली नाही. त्या वर्षांत घरोघर वापरलेल्या पुष्कळशा प्रतिजन पट्ट्यांवरील तांबूस रेघ ही देखील सोन्याच्या नॅनोकणांचीच होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते.

प्रयोगशाळेतील यश आणि गल्लीतील उपयोग यांत आणखीही अंतर आहे. शुद्ध पाण्यात नीट वागणारे सुवर्णकण रक्तात घातले की रक्तातील प्रथिने त्यांना वेढतात आणि क्षार त्यांचे पुंजके करतात. विषाणू नसतानाही रंग पालटू शकतो. आरएनए तर इतके नाजूक, की त्वचेवरील विकरेही त्याचे तुकडे करतात. राजस्थानच्या उन्हाळ्यात कुपीतील रसायने टिकविणे ही स्वतंत्र चिंता आहे.

आणि सर्वांत मोठी चिंता चुकीच्या उत्तराची. समजा, एखाद्या वस्तीत हजार गर्भवती स्त्रिया आहेत आणि त्यांतील दहा जणींना खरोखर लागण झाली आहे. निरोगी व्यक्तीला शंभरांत पंच्याण्णव वेळा बरोबर ओळखणारी पट्टी वापरली, तर उरलेल्या ९९० निरोगी स्त्रियांपैकी सुमारे पन्नास जणींनाही ती लागण झाल्याचे सांगेल. पट्टीने खऱ्या दहाही जणी ओळखल्या असे धरले, तरी होकार मिळालेल्या साठांपैकी पन्नास जणी व्यर्थ भयभीत होतील. शंभरांत पंच्याण्णव हे गुण परीक्षेत उत्तम. पण येथे ते पुरेसे नाहीत. म्हणून अशा पट्टीचे खरे स्थान चाळणीचे आहे. तिने हजारांतून साठ जणी त्याच दिवशी निवडाव्यात, आणि त्या साठ जणींचे नमुने प्रयोगशाळेत जाऊन त्यांवर अंतिम निर्णय व्हावा. सारे हजार नमुने रांगेत ठेवण्यापेक्षा साठांचे उत्तर लवकर येईल, आणि रांगेबाहेरच्या बहुसंख्य स्त्रियांना त्याच दिवशी सुखाने झोप लागेल.

झिका जयपूरपुरता राहिलेला नाही. २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी महाराष्ट्रातील पहिला रुग्ण आढळला आणि २०२४ साली पुणे शहरात अनेक रुग्ण सापडले. त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. पुण्यात विषाणुविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. परंतु एडिस डास प्रयोगशाळेचे अंतर पाहून घर निवडत नाही. गडचिरोलीच्या किंवा बाडमेरच्या गावातील स्त्रीलाही तोच प्रश्न पडणार आहे, आणि तिच्यासाठी न्यूक्लिइक आम्ल व नॅनोकण यांची ही मैत्री अधिक पक्की व्हावी लागेल.

सवाई जयसिंहांनी एकट्या जयपूरच्या यंत्रांवर भिस्त ठेवली नव्हती. दिल्ली, उज्जयिनी, वाराणसी आणि मथुरा येथेही त्यांनी वेधशाळा बांधल्या. एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणच्या वेधाशी ताडून पाहावा, हा त्यामागील एक हेतू होता. सावली दिसली म्हणजे सूर्य कळला, असे त्यांनी मानले नाही. कागदाच्या पट्टीवर उमटणारी तांबूस रेघ ही देखील एक सावलीच आहे. ती गावोगाव दिसू लागावी हे आवश्यक आहे. आणि ती दिसल्यावर पडताळणी करणारी प्रयोगशाळा तिच्या मागे उभी असावी, हेही तितकेच आवश्यक आहे.